कच्चा श्वानाहार: प्रमाणाचा प्रश्न आणि मढचा किनारा

पाळीव कुत्र्याला कच्चे मांस, हाडे आणि अवयवमांस यांवर वाढवण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोप येथून भारतातील मोठ्या शहरांत पोहोचली असून, तिच्याबरोबर ८०:१०:१० हे सूत्रही येथे रुजले आहे. एकूण वजनाच्या ८० टक्के स्नायूंचे मांस, १० टक्के चावून खाता येईल असे हाड आणि १० टक्के स्रावी अवयव, म्हणजे शरीरात रस किंवा स्राव निर्माण करणारे यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांसारखे अवयव, असा त्या सूत्राचा अर्थ आहे, आणि या शेवटच्या वाट्यातील निम्मा भाग यकृताचा असावा असे त्यात गृहीत धरलेले असते. सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे, आणि त्याच्या प्रसारात या सोपेपणाचा वाटा मोठा आहे. तथापि हे सूत्र वजनाची भाषा बोलते, तर कुत्र्याच्या शरीराला वजन कळत नाही. त्याला ऊर्जा, प्रथिने, स्निग्धांश, खनिजे आणि जीवनसत्त्वे ठरावीक मात्रेत लागतात. वजन आणि पोषण यांतील हे अंतर मालाडच्या पश्चिमेस, मार्व्यापलीकडे समुद्रात शिरलेल्या मढसारख्या कोळीवाड्यात सर्वांत ठळकपणे दिसते, कारण तेथे स्वस्त आणि हाताशी असलेला प्राणिज घटक म्हणजे मासळी, आणि मासळी या सूत्रात सहजासहजी बसत नाही. म्हणूनच या विवेचनाचा केंद्रबिंदू मढचा किनारा हा आहे.

विषयाच्या मुळाशी जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कच्च्या आहाराचे समर्थक कुत्र्याला लांडग्याचा वंशज मानून त्याच्या पचनसंस्थेला धान्य परके आहे असे सांगतात. परंतु स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या एरिक अक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, स्टार्च म्हणजे पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० पर्यंत आढळतात. माणसाच्या चुलीजवळ राहून कुत्र्याचे शरीर धान्याशी जुळवून घेत गेले, असाच याचा अर्थ होतो. महाराष्ट्रातील अनुभवही याला धरून आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्री आणि कोल्हेवर्गीय खोकड यांच्या आहाराचा तुलनात्मक अभ्यास करून २००९ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत तेथील कुत्री मुख्यतः माणसाकडून मिळणाऱ्या अन्नावर व शेतमालावर जगत असल्याचे दिसते. दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा चतकोर घालणे हा मराठी घरांचा जुना आचार आहे, आणि त्या चतकोरावर पिढ्यान्‌पिढ्या गावठी कुत्री जगली. अर्थात जगणे आणि सुपोषित असणे यांत फरक आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे; भाकरी, भात आणि उरलेले कालवण यांवर वाढलेल्या कुत्र्याच्या आहारात प्रथिने आणि कॅल्शियम सहसा अपुरे पडतात, आणि कालवणातील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतो. धान्य पचते म्हणून धान्यच पुरेसे आहे असे ठरत नाही, तसेच मांस आवडते म्हणून मांसच पुरेसे आहे असेही ठरत नाही.

आधुनिक कच्च्या आहाराला वैचारिक बैठक दिली ती ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली लिहिलेल्या 'गिव्ह युअर डॉग अ बोन' या पुस्तकाने. त्यांच्या मांडणीत मांसल हाडांबरोबर भाज्या, फळे आणि अंडी यांनाही स्थान होते. २००१ साली टॉम लॉन्सडेल यांनी 'रॉ मीटी बोन्स' या पुस्तकातून संपूर्ण शिकारीच्या जवळ जाणाऱ्या आहाराचा आग्रह धरला. ८०:१०:१० हे सूत्र अशाच विचारातून पुढे आले. लहान शिकारीच्या शरीरात मांस, हाड आणि अवयव साधारण याच प्रमाणात असतात, ही त्यामागची कल्पना. मात्र पाश्चात्त्य पाककृतींत या सूत्राचा आधार बहुधा गोमांस असतो आणि त्या मांसातील लोह, जस्त व चरबी गृहीत धरूनच पुढचे हिशेब मांडलेले असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून सुधारित गोवंश हत्याबंदी कायदा लागू असल्याने तो आधार उपलब्ध नाही. मुंबईच्या उपनगरांत कुत्र्यासाठी मिळते ते बकऱ्या-मेंढ्यांचे मांस, म्हशीचे मांस आणि सर्वांत जास्त म्हणजे ब्रॉयलर कोंबडी. पहिल्या दोहोंचा शहरातील मुख्य स्रोत १९७१ सालापासून चालू असलेला देवनारचा कत्तलखाना हा आहे, तर कोंबडी प्रत्येक नाक्यावर कापून मिळते. त्यामुळे परदेशी पाककृती जशीच्या तशी उचलून गोमांसाच्या जागी कोंबडी घातली की सूत्र कागदावर टिकते आणि पोषण मात्र बदलते. या बदलाचा सर्वांत मोठा फटका जस्ताला बसतो, ज्याचा विचार पुढे येईलच.

मढमध्ये या बदलात मासळीची भर पडते. येथील पारंपरिक मासेमारी डोल जाळ्याची, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखे उघडे राहणाऱ्या जाळ्याची आहे आणि त्यात बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, वाकटी, ढोमी अशी लहान व किनाऱ्याजवळची मासळी येते. यांपैकी बोंबलाचे उदाहरण प्रमाणाच्या प्रश्नाची उकल करण्यास अत्यंत उपयुक्त आहे. ताज्या बोंबलाच्या शंभर ग्रॅममध्ये नव्वदीच्या आसपास पाणी असते आणि प्रथिने जेमतेम ८ ते १० ग्रॅम भरतात, तर कोंबडीच्या तितक्याच बिनहाडी मांसात ती २० ग्रॅमच्या वर असतात. आता १५ किलो वजनाचा, निर्बीजीकरण झालेला प्रौढ गावठी कुत्रा घेतला तर पशुवैद्यकशास्त्रात रूढ असलेल्या गणिताप्रमाणे, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाचा पाऊण घात घेऊन त्यास ७० ने आणि नंतर हालचालीसाठी १.६ ने गुणल्यास, त्याची दिवसाची ऊर्जेची गरज ८५० कॅलरींच्या जवळपास येते. फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्या कुत्र्याला याहून कमी लागते. कच्च्या आहाराच्या प्रचलित नियमानुसार शरीराच्या वजनाच्या अडीच टक्के अन्न द्यायचे म्हटले तर ते ३७५ ग्रॅम होते. हे ३७५ ग्रॅम मध्यम चरबीच्या मांसाचे असतील तर कुत्र्याला साधारण ५०० ते ७५० कॅलरी मिळतील. तेच ताज्या बोंबलाचे असतील तर दोनशेही मिळणार नाहीत. वजन तेच, थाळी तशीच भरलेली, आणि कुत्रा मात्र उपाशी. उलट वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडणीवर, वाळवलेला बोंबील घेतला तर पाणी उडून गेल्याने प्रथिनांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात जाते, आणि मूठभर सुक्या बोंबलातही मोठा वाटा भरून निघतो. एकाच माशाची ही दोन रूपे वजनाच्या सूत्रात एकाच रकान्यात बसतात. म्हणून कोणतेही प्रमाण ठरवताना घटक ताजा आहे की सुका हे आधी विचारात घ्यावे आणि तुलना पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या अंशावर किंवा दर हजार कॅलरींमागे करावी, हीच शास्त्रीय रीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली प्रसिद्ध केलेले श्वान-मार्जारांच्या पोषणगरजांचे कोष्टक याच पद्धतीने मांडलेले आहे.

ऊर्जेनंतरचा, आणि चुकल्यास सर्वाधिक हानी करणारा प्रश्न कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या परस्परप्रमाणाचा आहे. कुत्र्याच्या आहारात फॉस्फरसच्या एका भागामागे कॅल्शियम किमान एक आणि सामान्यतः दोन भागांपेक्षा जास्त नसावे, असे मानले जाते. निव्वळ मांसात हे प्रमाण पूर्णपणे उलटे असते. शंभर ग्रॅम मांसात कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम तर फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. यकृतात तर तफावत याहूनही मोठी. असा आहार सतत दिल्यास रक्तातील कॅल्शियमची पातळी खाली जाऊ नये म्हणून शरीर परावटू ग्रंथींकरवी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते आणि वाढत्या पिल्लाची हाडे मऊ होऊन वाकतात, किरकोळ उडीनेही मोडतात. पशुवैद्यकशास्त्रात या विकाराला आहारजन्य दुय्यम परावटू-अतिस्राव म्हणतात. बिनहाडी खिमा आणि भात अशा आहारावर वाढवलेल्या पिल्लांत तो उद्भवतो, आणि दुःखाची गोष्ट ही की असे पिल्लू बहुधा लाडाचे असते. पैसे वाचवण्यासाठी त्याला हाड नाकारलेले नसते, तर चांगले तेच द्यावे या भावनेने निवडक मांस दिलेले असते. सूत्रातील १० टक्के हाडाचा वाटा याच कारणासाठी आहे. परंतु येथेही 'हाड' आणि 'हाडासकट तुकडा' यांत गल्लत होते. कोंबडीच्या पंजात साधारण ६० टक्के, पंखात ४५ टक्क्यांच्या आसपास आणि मानेत ३५ टक्क्यांच्या आसपास हाड असते. तेव्हा एक किलो आहारात १०० ग्रॅम हाड यावे म्हणून १०० ग्रॅम पंजे घातले तर प्रत्यक्षात ६० ग्रॅमच हाड जाते, आणि केवळ पंखच घातले तर हाड चौपटीने वाढून मळ खडूसारखा पांढरा व कठीण होतो. हाड कच्चेच असावे लागते, कारण शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात. ज्या घरात हाड द्यायचे नाही, तेथे अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा सोपा पर्याय आहे. ती जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेट असून पाच ग्रॅमच्या एका चमच्यात सुमारे १.९ ग्रॅम कॅल्शियम असते. वरील १५ किलोच्या कुत्र्याला ३७५ ग्रॅम बिनहाडी मांसातून सुमारे पाऊण ग्रॅम फॉस्फरस मिळतो, त्याला अर्धा चमचा पूड दिली की प्रमाण सव्वास एक असे योग्य मर्यादेत येते. मांदेलीसारखी लहान मासळी डोक्या-काट्यासकट दिल्यास हेच काम काही अंशी काटे करतात, आणि सुका जवळाही टरफलासह खाल्ला जात असल्याने कॅल्शियम देतो. मात्र जमिनीवर वाळवलेल्या जवळ्यातील रेती निवडून व धुऊन काढल्याशिवाय तो देऊ नये, आणि खारवलेली सुरमई किंवा बांगडा कुत्र्याच्या वाट्याला मुळीच येऊ नये.

यकृताच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी संभवते. ते अ जीवनसत्त्व, तांबे आणि फोलेट यांचा इतका सांद्र साठा आहे की पाच टक्क्यांचा वाटा पुरेसा ठरतो, आणि तो रोजच्या थाळीत न देता आठवड्यातून दोनतीनदा विभागून दिला तरी चालतो, कारण अ जीवनसत्त्व शरीरात साठवले जाते. पण स्वस्त मिळते आणि कुत्रे आवडीने खाते म्हणून कलेजीवरच दिवस काढले तर तीच साठवण विषारी पातळीला जाते आणि मानेच्या व सांध्यांच्या हाडांवर अनैसर्गिक वाढ होऊ लागते. मुंबईत कोंबडीच्या दुकानात 'कलेजी-पेटा' एकत्र विकला जातो. त्यातील पेटा म्हणजे पक्ष्याचे दळणारे जठर, हा स्नायू आहे आणि हृदयाप्रमाणेच त्याची गणना मांसात करावी, अवयवांत नव्हे. हा भेद न कळल्यामुळे अनेक घरांत अवयवांचा वाटा भरला असे समजले जाते आणि मूत्रपिंड किंवा प्लीहा थाळीत कधीच येत नाहीत.

जस्ताचा प्रश्न कोंबडीवर भागवणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. कुत्र्याला दर हजार कॅलरींमागे १५ ते २० मिलिग्रॅम जस्त लागते. कोंबडीच्या शंभर ग्रॅम मांसात ते एक-दोन मिलिग्रॅमच असते, बकऱ्याच्या मांसात त्याच्या दुपटीच्या आसपास. कमतरता वाढली की डोळ्यांभोवती, तोंडाभोवती व पायांच्या गादीवर खपल्या धरतात, केस विरळ होतात, आणि मालक गोचिडीचे व खरजेचे उपचार करत राहतो. मढच्या खडकांवर वाढणारी कालवं जस्ताचा अतिशय समृद्ध स्रोत आहेत आणि शिंपल्यांच्या काही जातींत मांसातून न मिळणारे मँगनीज असते, परंतु ही सर्व पाणी गाळून जगणारी प्राणिजात असल्याने खाडीच्या सांडपाण्यातील जंतूही त्यांच्यात साठतात. तेव्हा ती उकळूनच द्यावीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य अपुरे निघाले. त्यांपैकी कित्येक पाककृती पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या. जस्त, तांबे, ई व ड जीवनसत्त्वे यांची कमतरता अशी सहज नजरेआड होते.

कच्च्या मासळीविषयी विशेष सावधगिरी आवश्यक आहे, आणि कोळीवाड्यात ती कमी घेतली जाते कारण मासळी तेथे रोजचीच. काही माशांच्या शरीरात थायामिनेज नावाचे विकर असते, जे ब-१ म्हणजे थायामिन या जीवनसत्त्वाचा नाश करते. १९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या फार्मवरील कोल्ह्यांना कच्चा कार्प मासा खाऊ घातल्याने पक्षाघात होऊन ते मरू लागले, आणि त्या घटनेतून या विकराचा शोध लागला. तारली आणि मांदेली यांच्या कुळांतील अनेक जातींत थायामिनेज आढळते. अधूनमधून दिलेल्या दोन माशांनी काही बिघडत नाही, पण दिवसेंदिवस हीच मासळी कच्ची दिल्यास भूक मंदावणे, तोल जाणे, झटके येणे ही लक्षणे उद्भवू शकतात. शिजवल्याने हे विकर नष्ट होते. गोठवल्याने होत नाही. याउलट माशांतील कृमी मारण्यासाठी उणे २० अंश सेल्सिअस तापमानात सात दिवस गोठवणे उपयोगी पडते, आणि होडीवर वापरला जाणारा बर्फ शून्याच्या आसपासच असल्याने तो ताजेपणा राखतो, कृमी मारत नाही. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या मासळीत फुगणारा केंड असला तर त्यातील विषावर उतारा नाही, म्हणून जाळी झाडली जातात तेथे कुत्रा मोकळा सोडणे टाळावे. सर्व बाजूंचा विचार करता मढसारख्या ठिकाणी मासळी उकडून आणि मांस गोठवून द्यावे, हाच मध्यममार्ग सुरक्षित दिसतो. 'कच्चा' या शब्दाशी एकनिष्ठ राहण्यापेक्षा कुत्र्याशी एकनिष्ठ राहणे महत्त्वाचे आहे.

जंतुसंसर्गाचा धोका कुत्र्यापुरता थांबत नाही. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पाळीव-प्राणी-आहाराचे १९६ नमुने तपासले असता १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हे जंतू आढळले. कुत्रे स्वतः आजारी न पडताही विष्ठेतून हे जंतू घरात पसरवू शकते. मुंबईच्या दमट उष्म्यात मांस तासाभरातच बिघडू लागते; वाटी अर्ध्या तासात रिकामी झाली नाही तर उचलून टाकावी, आणि ज्या घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण आहे तेथे कच्चा आहार देऊच नये. बकऱ्या-मेंढ्यांच्या फुप्फुस व यकृतात पाण्याच्या गाठी दिसल्या तर ते अवयव कोणत्याही परिस्थितीत कुत्र्याला घालू नयेत, कारण त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास माणसाच्याच यकृतात तशाच गाठी तयार होतात.

प्रमाण एकदा ठरवले की कायमचे ठरले, असेही मढमध्ये होत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी पाळली जाते. त्या काळात ताजी मासळी दुर्मीळ होते आणि घराघरांत साठवलेली सुकी मासळी बाहेर निघते. ताज्या बोंबलावर बेतलेले प्रमाण तेव्हा सुक्या बोंबलाने बदलले, तर वर दाखवल्याप्रमाणे वजन सहापटीने कमी करावे लागते, पिण्याचे पाणी वाढवावे लागते आणि ब जीवनसत्त्वांसाठी थोडे ताजे मांस किंवा अंडे जोडावे लागते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा निघाल्या की हिशेब परत मांडावा लागतो. बदल आठवडाभरात हळूहळू करावा, अन्यथा जुलाब होतात.

पुढील प्रकरणांत प्रत्येक घटकाचा सविस्तर विचार येईल, परंतु एका बाबतीत वाचकाने थांबू नये. वर्षाच्या आतील पिल्लू, विशेषतः ग्रेट डेन, रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातीचे, कॅल्शियमच्या कमतरतेइतकेच त्याच्या आधिक्यानेही लंगडे होते, कारण पहिल्या काही महिन्यांत त्याच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही. अशा पिल्लाचा आहार कोणत्याही पुस्तकातील प्रमाणावर, या पुस्तकातीलही, बेतू नये. त्याचे वजन, वय आणि घरात प्रत्यक्ष मिळणारी मासळी व मांस यांची यादी घेऊन पशुवैद्यकाकडे जावे, ग्रॅममध्ये प्रमाण लिहून घ्यावे, आणि दर महिन्याला पिल्लाचे वजन करून ते प्रमाण पुन्हा तपासून घ्यावे.